फेक्यांचं घर

सारसोळ्यात प्रत्येक घराला दोन आडनावं असतात. एक कागदावरचं, बँकेत आणि रेशनकार्डावर चालणारं. दुसरं गावानं ठेवलेलं, आणि ते बदलून घ्यायला कुठल्याही कचेरीत अर्ज करता येत नाही. माझ्या मामाच्या घराचं गावानं ठेवलेलं आडनाव फेके. कारण साधं आहे. त्या घरातल्या माणसाला राग आला की हातात असेल ते तो फेकतो.

मी सोनल. कमळाकर मामाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मामाच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं ब्युटी पार्लर आहे, म्हणजे मामा वरून जे फेकतो ते माझ्याच दारात पडतं. त्यामुळे या विषयावर बोलायचा माझ्याइतका हक्क गावात कुणालाच नाही. टीव्हीचा रिमोट आला, कुकरचं झाकण आलं, एक प्लास्टिकची खुर्ची आली, भारत हरला त्या दिवशी आख्खा सेटटॉप बॉक्स आला. एकदा सुक्या बोंबलांची माळ आली, ती फेशियल करून बाहेर पडणाऱ्या एका बाईच्या बरोब्बर गळ्यात पडली. नेमबाजीच्या स्पर्धेत मामाला पदक मिळालं असतं. मला मात्र ते गिऱ्हाईक परत मिळालं नाही.

आता तुम्ही मामाला गुंड समजाल, म्हणून सांगते. माणसावर फेकायचं नाही, हा त्या घराचा कायदा. राग जितका पटकन येतो तितकाच पटकन जातो. लगेच मामा जिना उतरून खाली येतो, वस्तू उचलतो, "कुनाला लागला नाय ना गं?" विचारतो आणि वर मलाच चहा मागवायला लावतो. एका भाडेकरूच्या म्हाताऱ्या आईला दम लागला आणि लिफ्ट बंद होती, तेव्हा याच मामानं तिला पाठीवर घेऊन खाली उतरवलं. ती दवाखान्यातून बरी होऊन घरी आली. मग मामाला लिफ्टवाल्यांचा राग आठवला आणि त्यानं पाण्याची कळशी फेकली.

या रागाचा मामाला फार अभिमान. "आमचे रगतान हाय," म्हणायचा, जसं काही सरकारनं नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात प्लॉटबरोबर तोही दिला. पुरावा म्हणून आज्याची गोष्ट सांगायचा. मामाचा आजा मिठागरात कामाला होता. मुकादमानं मापात खोट काढली, तसं आज्यानं हातातलं फावडं खाडीत भिरकावलं. मी लहान होते तेव्हा गोष्टीत फावडंच होतं. मी कॉलेजात गेले तोवर त्याचं वल्हं झालं. आता आजा आख्खी होडी उचलून फेकतो, आणि आणखी दहा वर्षांनी मुकादमासकट फेकेल.

मामानं स्वतःही रगताची लाज राखली. तरुणपणी ठाण्याच्या रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत लागला होता. साहेबानं उलट बोलल्याबद्दल झापलं, मामानं हेल्मेट फेकलं, आणि ते साहेबाच्या उघड्या डब्यात जाऊन पडलं. नोकरी तिथंच आमटीत बुडाली. पुढं जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, भाडी सुरू झाली, आणि मामा रागवायला पूर्णवेळ मोकळा झाला.

दुःख एकच. एकुलता एक मुलगा, दिपेश, काहीही फेकत नसे.

दिपेश लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. शांत, कमी बोलणारा, कायम दोन्ही हात पँटच्या खिशात. मामा कितीही ओरडला तरी हा खिशात हात घालून भिंतीसारखा उभा. मामाला ते अजिबात बघवायचं नाही. "शेट बग कसा उभा ऱ्हायलाय! हा कुनावर गेला?" असं म्हणून तो मालतीमामीकडं बघायचा. मामी करावे गावची, तिच्या माहेरी म्हणे मांजरंसुद्धा हळू आवाजात म्याव करतात. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार" ही म्हण मामानं उलटी केली होती: "आडान तर तुडुंब हाय, मंग पोहरा कं रिकामा येतो?"

तरी जीव त्याच पोरावर. दिपेशनं उलव्याला फ्लॅट घेतला तेव्हा मामानं तोंडभर कौतुक केलं आणि लगेच सांगून टाकलं, तो भाड्यानं दे, लग्न झालं की तू इथंच ऱ्हायचा. तिसरा मजला त्यानं दिपेशच्या संसारासाठी रिकामा ठेवला होता.

मग दिपेशच्या आयुष्यात मंजुषा आली. नेरूळच्या एका कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. लिफ्टमध्ये अडकली होती, आणि दार उघडेपर्यंत दिपेश बाहेरून तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. एवढ्यावर प्रेम बसलं. लोक डोळ्यांवर भुलतात, ही आवाजावर भुलली. "लग्न करीन तर हिच्याशीच," दिपेश म्हणाला, आणि त्यानं जन्मात फार वाक्यं बोललेली नसल्यामुळं सगळ्यांनी ते गंभीरपणे घेतलं.

मंजुषा भुवया करायला माझ्याकडं यायची. एकदा मामा पार्लरमध्येच बसला होता, बायकांच्या खुर्चीत, बायकांच्या पंख्याखाली. तिनं त्याला विचारलं, "राग रक्तातच असतो असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं कशाला? सातबाऱ्यावर नाव लागतं तसा लागतो. बापाचा पोराला."

"तसं नसतं ओ. रागाचा एकच एक जीन नसतो. आईकडून, बापाकडून बारीकसारीक शेकडो गोष्टी येतात. त्यांचं पुढं काय होईल ते घर ठरवतं, शेजार ठरवतो, झोप, भूक, शाळा, सगळं ठरवतं. आता मामींच्या हातचं जिताड्याचं कालवण घ्या. त्यात चव माशाची किती आणि हाताची किती, सांगता येईल?"

मामानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मासाच नासका असंल तर हात काय करनार?"

"आणि हातच वाईट असेल तर ताज्या जिताड्याचं काय होईल?"

मामा हसला. पोरगी त्याला पसंत पडली. उत्तर देणारी माणसं त्याला आवडतात, कारण मग रागवायला सोपं जातं.

अडलं ते तिच्या वडिलांकडं. बाबासो साताऱ्याकडचे, जावळीचे. वाशीच्या मार्केटात जन्मभर माथाडी काम केलेले, आता कोपरखैरण्यात राहतात. पोरगी द्यायची तर आधी गावात चौकशी, हा त्यांच्याकडचा रिवाज. एका सकाळी टोपी घालून ते सारसोळ्यात आले आणि चहाच्या टपरीवर दिपेशच्या घराबद्दल विचारलं. टपरीवाला सनी सहज म्हणाला, "कोन, फेके? एकदम फेमस मानसं. पूर्ण खानदान फेकतं."

बाबासोंचा चहा कपातच राहिला. मार्केटात हयात घालवलेल्या माणसाला 'फेकतो' म्हणजे काय ते नीट माहीत. जो व्यापारी सडका कांदा नाशिकचा म्हणून खपवतो तो फेकतो. थापाड्या माणूस फेकतो. म्हणजे मुलाची नोकरी थाप, उलव्याचा फ्लॅट थाप, बिल्डिंगसुद्धा बहुतेक दुसऱ्याच्या नावावर. त्यांनी घरी काही सांगितलं नाही. तोंडावरच विचारू, असं ठरवून बैठकीचा दिवस घेतला.

इकडं आम्हाला यातलं काहीच माहीत नाही. आमची भीती वेगळी. पाहुण्यांसमोर मामानं काही फेकलं तर लग्न मोडणार, हे मामालाही कळत होतं. सकाळपासून मालतीमामीनं हॉलमधली फेकण्यासारखी प्रत्येक वस्तू बेडरूममध्ये कोंबली. रिमोट, फुलदाणी, गणपतीची काचेची मूर्ती, भिंतीवरचं घड्याळ, उशा. मामा सोफ्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला, परीक्षेला बसल्यासारखा. मी चहा द्यायला वर होते, खोटं कशाला बोलू, तमाशा बघायलाच होते.

बाबासो, त्यांच्या पत्नी मुक्ताबाई आणि मंजुषा आले. बाबासोंनी त्या उघड्याबोडक्या हॉलवरून नजर फिरवली. घड्याळ नसलेला खिळा बघितला. एवढ्या मोठ्या बिल्डिंगचा मालक आणि घरात एक वस्तू नाही! त्यांच्या मनात होतं ते पक्कं झालं. चिवड्याला हात न लावता त्यांनी सुरुवात केली.

"लपवाछपवी नगं, पावनं. म्या गावात इचारलं. तुमच्या घरात फेकाफेकी चालती म्हनं."

मामाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सगळं कळलंय तर. आता लपवण्यात अर्थ नाही, खरं बोललं तर निदान माणूस म्हणून मान राहील, असं वाटून त्यानं हात जोडले.

"चालते. खोटा नाय बोलनार. आज्यापासून चालते."

बाबासो थक्क झाले. थापाड्या माणूस आपण थापाड्या असल्याचं इतक्या खरेपणानं कबूल करतो, हे मार्केटात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "आज्यापास्नं? आन् तुमी?"

"मी बी. मागच्याच आटवड्यान कुकर फेकला."

"कुकर?"

"नुसता झाकन. पन त्याच्याआधी खुर्ची, कलशी, रिमोट..." मामा मनापासून आठवत होता. एकेक वस्तू, एकेक कारण. मी चहाच्या ट्रेमागून डोळे वटारले, मंजुषानं कपाळावर हात मारला, पण एकदा प्रामाणिक झालेला माणूस थांबत नाही. हेल्मेट आमटीत पडलं तोवर बाबासोंना उलगडा झाला होता. ही माणसं थापा मारत नव्हती. वस्तू मारत होती.

"पन मानसावर कंदी नाय," मामानं घाईनं जोडलं. "आमचा कायदा हाय."

बाबासो हळू आवाजात म्हणाले, "माझी थोरली भन, आक्का. तिच्या नवऱ्याला बी असाच राग. त्यानं तांब्या फेकला. त्यो बी हेच म्हनायचा, मानसावर न्हाई फेकला, ही मधी आली. आक्काचा एक डोळा त्यात गेला." त्यांनी टोपी नीट केली आणि ते उठले. "माणसं तुमी वाईट न्हाई. पर माझी पोरगी मी ह्या घरात न्हाई दिऊ शकत."

मामा आपल्याच हातांकडं बघत राहिला. मी त्याला पहिल्यांदाच तसा बघितला. भिरकावलेल्या वस्तू आणि माणूस यांच्यामध्ये इतकी वर्षं फक्त नशीब उभं होतं, हे त्याला त्या क्षणी दिसलं असावं. मला तरी दिसलं. बोंबलांच्या माळेवर मी किती हसले होते!

आणि तेव्हा मालतीमामी फुटली. "कोनी इचारला व्हता कुकर? कोनी इचारली व्हती कलशी? पोराचा लगीन मोडला तुमी!" असं म्हणत तिनं चिवड्याचा स्टीलचा डबा उचलला आणि खिडकीतून बाहेर फेकला. सकाळपासून सगळं घर रिकामं करणाऱ्या बाईच्या नजरेतून एवढा एकच डबा सुटला होता.

खालून रस्त्यावरून आवाज आला, "मामा, आज चिवडा काय?"

मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की घाबरल्या होत्या, कळेना. बाबासो पुन्हा खाली बसले. त्यांच्यातला हिशेबी माथाडी जागा झाला होता.

"ह्या बी तुमच्याच खानदानातल्या?"

"नाय वो," मामा खचून म्हणाला. "ती करावेची. तिचे घरान सगली थंड मानसं. लग्नान आवाज बी नव्हता तिला."

"म्हंजी हितं आल्यावर लागलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." त्यांनी दोन बोटं वर केली. "आता बगा. राग रगतात आसंल तर माझी नातवंडं फेकनार. आन् घरात आसंल तर माझी मंजू फेकनार. म्या करू काय?"

मंजुषा काही बोलायला गेली, पण मुक्ताबाईंनी तिचा हात दाबला. त्या दिपेशकडं बघत होत्या. "आवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ह्या पोराचं कान बगा."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. भिंतीला टेकून, खिशात हात घालून उभ्या असलेल्या दिपेशचे कान मिरचीसारखे लाल झाले होते. मामाचे होतात तसेच. माझेही होतात. इतकी वर्षं आम्ही त्याच्या हातांकडं बघत राहिलो, रिकामे आहेत म्हणून चिडवत राहिलो, कानांकडं कुणी बघितलंच नाही.

मामा उठून त्याच्याजवळ गेला. "तुला राग येतो?"

"रोज येतो, बाबा."

"मंग फेकत कं नाय?"

दिपेश म्हणाला, "तळमजल्याला चांगुणाबाई रहायच्या, टेलर. आई मासे घेऊन नेरूळच्या बाजारात जायची, तेव्हा मी त्यांच्याकडे असायचो. तुमी वर ओरडायला लागले की मी पन चिडायचो. एकदा त्यांची कात्री उचलली. त्यांनी मारलं नाही. माझ्या चड्डीला दोन्ही बाजूला कोपरापर्यंत खोल खिसे शिवले. म्हणाल्या, कान गरम झाले की हात आत घालायचे आणि कान गार झाल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत."

"तेवढंच?" मामानं विचारलं.

"तेवढंच. पण रोज."

मुक्ताबाई उठल्या. सरळ त्याच्यापुढं जाऊन म्हणाल्या, "खिसं बगू."

दिपेश लाजला. पण सासू होऊ घातलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही. त्यानं दोन्ही खिसे उलटे बाहेर काढले. आतलं अस्तर विरून गेलं होतं. मुठी आवळून आवळून ते जागोजागी फाटलेलं, आणि वाकड्यातिकड्या टाक्यांनी पुन्हा पुन्हा शिवलेलं.

"ह्ये कोन शिवतं?"

"मीच."

त्यांनी ते अस्तर बोटांत धरून बघितलं. मग बाबासोंकडं वळल्या. "राग आक्काच्या नवऱ्याला बी व्हता. आसं खिसं त्याला कुनी शिवलं न्हाई." आणि दिपेशला म्हणाल्या, "पुढच्या येळंला येताना प्यांटी घिऊन या सगळ्या. ह्ये कापडच चुकीचं हाय. म्या जाडभरडं लावून देते."

बाबासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आमच्या मामीला साताऱ्याची भाषा नीट समजत नाही, तिनं मला हळूच विचारलं, "म्हंजी काय झाला?" मी म्हटलं, "म्हंजी लगीन झाला, मामी."

साखरपुडा झाला. त्या दिवसांत मामानं एकही वस्तू खाली टाकली नाही. गावात पैजा लागल्या आणि गाव त्या हरलं. पण मामा नुसता शांत नव्हता, तो कसल्यातरी विचारात होता. माझ्या पार्लरमध्ये येऊन बसायचा आणि बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "सोनल, पोरगा माज्यावरच गेला गं. मना आनंद व्हायला पायजे व्हता." आणि त्याचे डोळे भरून आले. मीही रडले. त्याला नाही दाखवलं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात दिपेश आणि मंजुषा तिसऱ्या मजल्यावर भिंतीचे रंग ठरवायला आले. मंजुषाला पिस्ता हवा होता, मामीला पिवळा. मामा दारात उभा राहून ऐकत होता.

"रंग नका लावू," तो म्हणाला. "तुमी उलव्याला जा ऱ्हायला."

मामी म्हणाली, "काय बोलता तुमी? येवढा मजला कुनासाटी ठेवला?"

"चुकीचा ठेवला." त्यानं मंजुषाकडं बघितलं. "तू बोलली व्हतीस ना, रगत आन् घर, दोनी लागतात. रगत तर माजा गेलाच हाय याच्यान. याच्या पोराला बी थोडा जाईल, त्याला इलाज नाय. घर तरी येगला मिलू दे त्याला."

दिपेशनं विचारलं, "आणि तुमी?"

"मी येन ना. दुपारचा येन, चा पिन, पोराला मांडीवर घेन आन् निगून जान. राग यायच्या आंगोदर."